उधारीचा रोजा

उधारीपायी तोंड लपवणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. मी स्वतः त्यातलाच, आता या वयात खोटं कशाला बोलू? वाण्याचं दुकान जवळ आलं की छत्री त्या अंगाला कलती करायची, घरमालकाची काठी ओट्यावर वाजली की बायकोला पुढं करायचं आणि आपण आतल्या खोलीत श्वास धरून बसायचं, हे सगळे प्रकार मी केलेले आहेत. पण 'या महिन्यात तुमचे पैसे मिळायचे नाहीत' हे सांगायला आपणहून वाण्याची पायरी चढणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. ते रसूलभाई मापारी.

कारंज्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापूस तोलत आणि मी त्यांच्या काट्याशेजारी पेटीवर वही ठेवून लिहीत असे. ही दुसऱ्या लढाईच्या आधीची आणि लढाईतली गोष्ट. अकरा हंगाम आम्ही असे हातभर अंतरावर काढले. मला ते 'मुन्शीजी' म्हणत. बाकीचं जग मला कारकून म्हणत असे, म्हणून माझं त्यांच्यावर जास्त प्रेम होतं असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

उंच, वाळलेला देह, डोक्यावर कधीकाळी पांढरी असलेली टोपी, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत दाढीत, भुवयांत, कानाच्या केसांत अडकलेला कापूस. खोकला बारमाही. पण आवाज असा, की जिनाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीवानालाही झोळी कितवी ते कळावं. मापाऱ्याचं सारं भांडवल म्हणजे हा आवाज. तीन वाशांची तिकटी, तिला टांगलेला लोखंडी काटा, एका अंगाला वजनं आणि दुसऱ्या अंगाला गोणपाटाची मोठी झोळी. हमाल झोळीत कापूस दाबत, काटा मधोमध स्थिर झाला की रसूलभाई आकडा बोलत, झोळी ढिगावर रिकामी होई. पहिल्या झोळीला 'एक' म्हणायचं नाही, 'बरकत' म्हणायचं. आणि एकदा बोललेला आकडा पुढची झोळी चढून काटा थांबेपर्यंत तोंडात चालूच ठेवायचा. 'बरकत, बरकत, बरकत', मग 'दोन, दोन, दोन'. म्हणजे विकणाऱ्याला ऐकू जातं, लिहिणाऱ्याला ऐकू जातं आणि मापाऱ्याला स्वतःलाही विसर पडत नाही. मोजणी चालू असताना त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि त्याच्या तोंडून गेलेलं माप फिरवायचं नाही. मी डोळ्यानं पाहून काही लिहायचं नसे. कानावर नवा आकडा पडला की एक रेघ ओढायची, एवढंच माझं काम.

पगार अठरा रुपये. घरात खाणारी आठ तोंडं. म्हातारी आई, बायको आमिनाबी, नवरा मेल्यावर माहेरी आलेली बहीण, चार लेकरं आणि ते स्वतः. पगार झाला की रसूलभाई जिनाच्या ओट्यावर रुमाल पसरत, नोटा मोडून आणत आणि ढीग मांडायला बसत. ज्वारीचा, किराण्याचा, घरभाड्याचा, रॉकेल-लाकडाचा, आईच्या दुधाचा आणि हकिमाचा, लेकरांच्या शाळेचा. सहा ढीग. पाच कसेबसे भरत, सहाव्याला रुमालाची नक्षीच शिल्लक राही. मग ते थोडा वेळ दाढी खाजवत आणि निकाल देत, "या महिन्यात तेलाचा रोजा." किंवा घरभाड्याचा. किंवा किराण्याचा. दर महिन्याला एका देण्यानं उपाशी राहायचं, पण एकाच्याच वाट्याला दोन महिने लागोपाठ रोजा यायचा नाही, असा त्यांनी कायदा केलेला. आणि ज्याचा रोजा ठरला त्याच्याकडे त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत जायचं. सलाम करायचा, या महिन्यात तुमची पाळी आहे म्हणायचं, का ते सांगायचं, आणि पुढच्या महिन्याचा शब्द देऊन यायचं. पुढच्या महिन्यात तो शब्द पाळलेला असे.

आमच्या किराणावाल्या रतनलालला मी एकदा विचारलं, की मला तू दोन रुपयांसाठी रस्त्यात अडवतोस आणि या माणसाचं कसं ऐकून घेतोस? तो म्हणाला, "बाकीची गिऱ्हाइकं पैसे देताना तोंड दाखवतात. हा देता येत नाही तेव्हा दाखवतो. याला द्यायला मला भीती नाही." मी तिथून निघालो तो छत्री सरळ धरून.

रसूलभाईंनाही मी छेडलं होतं, की असं दारोदार सांगत फिरायची लाज कशी वाटत नाही. ते म्हणाले, "वाटते ना. पन सांगतलं तर एका दिवसाची लाज, लपलो तर तीस दिवसाची. मले तीस दिवसाची परवडत नाई."

आमिनाबी मात्र या कायद्यावर खूश नव्हती. ती बुटकी, तोंडाची फटकळ, सदान्‌कदा गोधडीला टाके घालत बसलेली. मी त्यांच्याकडे गेलो की ती सुईवरची नजर न उचलता म्हणे, "इचारा मुन्शीजी तुमच्या दोस्ताले. उधारीचे रोजे धरून राह्यले बारा साल, रोजा सुटाचा कवा हाय ते सांगून ठेवा म्हना." रसूलभाई हसत. मग खोकत. हसण्याचं रूपांतर खोकल्यात करायची त्यांना सवय होती, उत्तर टळत असे.

ते साधुसंत होते असं मात्र कुणी समजू नये. एका हंगामात एका दलालानं त्यांना बाजूला घेतलं. काट्याच्या दांडीला एक बोट लागलं तर झोळीमागं शेर-दोन शेर कापूस इकडचा तिकडे होतो, आणि ते बोट कुणाला दिसत नाही. महिन्याला पाच रुपये देतो म्हणाला, आणि पहिली नोट खिशात घालूनही गेला. रसूलभाई ती नोट घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परत आणून दिली. मला वाटलं, इमान जागं झालं. तसं मी बोलूनही दाखवलं. ते चिडले. म्हणाले, "इमान गिमान ठेवा बाजूले. घेतलीच असती मी, घरात इचार करून पाह्यला. पन माह्या घराचं सारं काम जबानीवर चालते. रतनलालजी ज्वारी देते ते काय माही सूरत पाहून देते? मापारी बोलते ते खरं असते, म्हनून देते. पाच रुपयाले जबान इकली तर उधार कोन देईन?" मला तेव्हा ते उत्तर जरा उणं वाटलं होतं. पोट भरलेल्या माणसाला इमान थोडं मोठ्या शब्दांत ऐकायला आवडतं.

मग लढाई आली. बाँब कुठं पडत होते कोण जाणे, आमच्याकडे ती भावातून आली. रॉकेल दिसेनासं झालं, कापड मिळेनासं झालं, ज्वारी पाहता पाहता दुपटीवर गेली. मालकांनी महागाई म्हणून सगळ्यांना तीन-तीन रुपये वाढवले आणि त्याबद्दल आमच्याकडून हात जोडून घेतले. रसूलभाईंच्या रुमालावर आता सहापैकी दोन ढीग रिकामे राहू लागले. मग तीन. पाळीचा कायदा मोडला. ज्यानं मागच्या महिन्यात रोजा धरला त्यालाच या महिन्यात पुन्हा सांगायला जावं लागे. ते तरीही जात. परत यायला मात्र उशीर होऊ लागला, कारण आता लोक बसवून घेत आणि प्रश्न विचारत.

दर ईदला त्यांच्याकडून आमच्या घरी शिरखुर्म्याचा वाडगा येई. एका ईदला सकाळीच ते स्वतः दारात उभे. अंगात धुतलेला कोट, हात रिकामे. माझ्या बायकोला म्हणाले, "बाई, या ईदले शिरखुर्म्याचा रोजा हाय. तुमी वाट पाहान म्हनून सांगाले आलो." बायकोला रडू फुटलं. घरात होतं तेवढं दूध आणि साखर ती घेऊन आली. त्यांनी हात मागं घेतले. ईद आमची आणि शिरखुर्मा तुमचा, असं उलटं कसं चालेल, म्हणाले. ते गेल्यावर बायको माझ्यावरच संतापली, जणू ज्वारीचे भाव मी वाढवले होते. मीही तिच्यावर संतापलो. त्या काळात घराघरातून असंच चालायचं.

त्या वर्षीचा हंगाम ऐन भरात असतानाची गोष्ट. पगाराला चार दिवस होते. सकाळी कामावर यायच्या आधी रसूलभाई रतनलालकडे जाऊन आले. घरातली ज्वारी आदल्या दिवशीच संपली होती आणि त्यांना पगारापर्यंतची पायली हवी होती. रतनलालनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, की आजपासून रोख. त्याचंही खोटं नव्हतं, त्यालाही वरून माल रोखीनंच मिळत होता. रसूलभाई काट्यापाशी आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "रतनलालजीनं पह्यल्यांदा नाई म्हटलं." आणि टोपी सारखी करून उभे राहिले. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलेली होती.

तिसरी गाडी कामरगावच्या सखारामची. खाऊन-पिऊन सुखी माणूस, दर साल आमच्याच जिनात येणारा. त्यानं दोन-चार झोळ्या उभं राहून पाहिल्या आणि मग बैलांना पाणी दाखवायला हौदाकडे गेला. मापारी रसूलभाई म्हटल्यावर कुणी काट्याशी राखण करत उभं राहत नसे. आठ झाले. नऊ झाले. 'नऊ, नऊ, नऊ' चाललं होतं. झोळी रिकामी होऊन पुन्हा भरली, टांगली, काटा थांबला, मी रेघ ओढायला हात उचलला. कानावर आलं, 'नऊ, नऊ, नऊ.' मी रसूलभाईंकडे पाहिलं. ते काट्याकडे पाहत होते, पण त्या डोळ्यांना काटा दिसत नव्हता. मी हात खाली ठेवला. झोळी ढिगावर गेली. पुढच्या झोळीला ते 'दहा' म्हणाले आणि मी रेघ ओढली.

हे मी इतकी वर्षं कुणापाशी बोललो नाही. मोजणी चालू असताना बोलायचं नाही हा नियम होता, आणि मी कानाचा नोकर होतो, डोळ्यांचा नव्हतो. हे दोन्ही खरं आहे. पण त्याहून खरं असं, की मला वाटलं, जाऊ दे. फायदा जिनाचा होतोय, तोटा सखारामचा, आणि सखारामला कळणार नाही. माझी नोकरी मला प्यारी होती.

दुपारी हौदावर नमाजाआधी हातपाय धुता धुता रसूलभाई थांबले. कोपरावरून पाणी गळत असतानाच माझ्याकडे आले.

"मुन्शीजी, नऊ दोनदा झाले."

मी म्हणालो, असेल, नसेल, गाडी तर गेली.

"असन नाई. झाले. तवा माह्या डोक्यात घरची मोजनी चालू होती."

मी त्यांना नाना परीनं समजावलं. कापूस ढिगात मिसळला, आता फेरमोजणी होणार नाही. झोळीचे पैसे काही तुम्ही खाल्लेले नाहीत, मी खाल्लेले नाहीत. कुणालाही माहीत नाही. ते म्हणाले, "मले मालूम झालं ना. आता उद्या दहा म्हनतानी जबान अडखयन माही. मापाऱ्याची जबान अडखयली, का सारा बाजार त्याच्या तोंडाकडे पाह्यते."

ते म्यानेजरकडे गेले. म्यानेजर माणूस वाईट नव्हता, फक्त म्यानेजर होता. त्यानं सांगितलं, बोललेलं माप फिरत नाही, जिन एक पैसा परत देणार नाही, आणि ही गोष्ट इथंच गाडून टाक. मापारी चुकतो हे बाहेर गेलं तर प्रत्येक गाडी दोनदा तोलावी लागेल. तुझ्याजवळ फेकायला पैसे असतील तर तुझे फेक.

एक झोळी म्हणजे रसूलभाईंचा निम्मा पगार. चार दिवसांनी पगार झाला, त्यांनी तो निम्मा बाजूला काढला आणि कोटाच्या आतल्या खिशात घातला. उरलेल्यात ज्वारीचा ढीगच पुरा होईना. म्हणजे बाकी सगळ्यांचाच रोजा. आणि आता रसूलभाई टोपी सारखी करून निघाले सगळ्यांना सांगायला. मी फाटकापाशी आडवा आलो. सांगायचं तर सांगा, पण कारण सांगू नका. आई आजारी आहे म्हणा, खिसा कापला म्हणा. ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी काही घाण बोललो होतो. म्हणाले, "खोटं सांगून कोनी पाळी मांगते का?" आणि गेले. रतनलालला सांगितलं, घरमालकाला सांगितलं, लाकडाच्या वखारवाल्याला सांगितलं, हकिमाला सांगितलं. नऊ दोनदा झाले, एका माणसाची झोळी बुडाली, ती भरून द्यायची आहे, म्हणून या महिन्यात कुणालाच काही नाही. बारा वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि बारा वर्षं त्यानंच त्यांचं घर तरलं होतं. या खेपेला आपण काय सांगत फिरतो आहोत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मला आजही वाटतं, त्या दिवशी मी त्यांना दोरीनं बांधून ठेवायला हवं होतं.

आमिनाबी रडली नाही, ओरडली नाही. त्या दिवशी तिच्या हातात सुईही नव्हती. मला म्हणाली, "काट्यावर एक झोळी चुकली, मुन्शीजी. माह्या घरात पुरा महिना चुकला. तो कोन भरून देईन?" मी चपला शोधू लागलो.

जिनाच्या सुटीच्या दिवशी ते कामरगावला निघाले. मीही गेलो. एकट्यानं कुठं जाणार म्हणून गेलो असं मी घरी सांगितलं. कामरगावची एक रिकामी गाडी परत जात होती, तिच्यात बसून गेलो. सखाराम ओसरीवर वैरणीच्या पेंढ्या मोजत होता. रसूलभाईंनी उभ्यानंच सारं सांगितलं आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. सखारामनं ते दोनदा मोजले, कनवटीला लावले, सुनेला हाक मारून गूळपाणी आणवलं. मला वाटलं, झालं, सुटलो. मी गुळाचा खडा तोंडात टाकला.

तेवढ्यात सखाराम विचारात पडल्यासारखा म्हणाला, "इमानाचं काम केलं तुमी, मापारी. नाई म्हनत नाई मी. पन औंदा तुमाले याद आली म्हनून आले. मंग मागच्या सालचं? त्याच्या मागच्या सालचं?"

तो टोचून बोलत नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.   मागच्या साली चुकलो नव्हतो, असं म्हणायला रसूलभाईंजवळ काही पुरावा नव्हता, त्यांचा शब्द तेवढा होता, आणि तोच तर ते आता दुरुस्त करायला आले होते. त्यांनी पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं, सलाम केला आणि निघाले. परतीची गाडी मिळाली नाही. आम्ही पायी आलो. वाटेत ते एकदाच बोलले. "सवाल खरा होता त्याचा," म्हणाले.

पुढच्या बाजाराला कामरगावच्या गाड्या आल्या त्या 'आमचा कापूस दोनदा तोला' म्हणत. त्यांचं पाहून दुसऱ्या गावचेही तेच म्हणू लागले. रसूलभाई आकडा बोलत आणि विकणारा त्यांच्या मागं उभा राहून स्वतः बोटांवर मोजे. तीन दिवसांत गाड्यांची रांग वेशीपर्यंत गेली. चौथ्या दिवशी म्यानेजरनं दुसरा मापारी आणला. रसूलभाईंना म्हणाला, हमालीत राहायचं तर रोजानं राहा. ते राहिले. पन्नाशीच्या माणसानं, खोकल्यानं पोखरलेल्या छातीनं, झोळ्या भरायच्या आणि ओढायच्या. पंधरा-वीस दिवस जमलं, मग कंबर धरली.

आणि सगळी देणी एकदम दारात आली. कुणी वाईट नव्हतं, हेच मला जास्त झोंबतं. ज्यांनी बारा वर्षं पाळी मान्य केली ते सगळे विचार करू लागले, की पगार गेला, आता मागं राहिलो तर आपलंच बुडेल. प्रत्येकाला दुसऱ्याच्या आधी पोचायचं होतं. घरमालकानं भांडी ठेवून घेतली. लाकूडवाल्यानं शिवून झालेल्या गोधड्या उचलल्या. आमिनाबीचा भाऊ रिसोडला पिंजाऱ्याचं काम करी, त्याच्याकडे जायचं ठरलं. ते निघाले त्या दिवशी मी त्यांच्या हातात दोन रुपये ठेवले. ते नाही म्हणतील असा माझा अंदाज होता. त्यांनी घेतले, आणि मला दोन रुपये गेल्याचं वाईट वाटलं. माणूस किती हलका असतो ते मला त्या दिवशी समजलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुलीच्या सोयरिकीसाठी मी रिसोडला गेलो होतो. लढाई संपत आली होती, महागाई संपलेली नव्हती. बाजारातल्या कंट्रोलच्या दुकानापुढं धान्याची रांग होती आणि रांगेत रसूलभाई. टोपीवरून ओळखलं, देहावरून ओळखता आलं नसतं. दाढीत कापूस होताच, आता पिंजलेला. मी हात धरला तेव्हा ते हसले आणि लगेच खोकले. घरची विचारपूस करायची माझी हिंमत झाली नाही. त्यांच्या हातात रेशनचं कार्ड होतं, ते मी वाचलं. आठ माणसांचं घर होतं, कार्डावर पाच लिहिलेली होती. 

त्यांचा नंबर आला. दुकानदार तरुण, हाताचा चलाख. पारड्यात ज्वारी ओतली, काट्याची दांडी अजून डुलत होती, मधोमध यायला बरीच जागा बाकी होती, तोच त्यानं पारडं उचलून पिशवीत रिकामं केलं. अर्धा शेर तरी कमी. मला ते दिसलं, कारण मी अकरा वर्षं त्या कामाच्या शेजारी बसलो होतो. रसूलभाईंनी सबंध जन्म ते काम केलं होतं. त्यांचे डोळे काट्यावर होते, आणि या वेळी त्या डोळ्यांना काटा दिसत होता. मी पुढं सरकून तोंड उघडणार तोच त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाले, "नका बोलू, मुन्शीजी. दर आठ दिवसाले मले याच्याच पुढे उभं राहाचं हाय."

दुकानदाराला सरकारी हुकूम होता, प्रत्येक गिऱ्हाइकाकडून वजन बरोबर मिळालं असं म्हणवून घ्यायचं. तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "वजन बरोबर?"

रसूलभाई काहीतरी पुटपुटले. रांगेत गलका होता, दुकानदाराला ऐकू गेलं नाही. तो वैतागून म्हणाला, "मोठ्यानं बोला ना. बरोबर की नाही?"

"बराबर," रसूलभाई मोठ्यानं म्हणाले. सगळ्या रांगेनं ऐकलं.